ओळखीचं दुकान

बँकेच्या काउंटरमागे बसून मला आता २१ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत काय केलंस असं कुणी विचारलं, तर ‘माणसं ओळखायला शिकलो’ असं भारदस्त उत्तर द्यावंसं वाटतं. पण ते खोटं आहे. मला पगार मिळतो तो माणसं न ओळखण्याबद्दल. आमचे सातवीचे गणिताचे सर पेन्शनसाठी आमच्याच शाखेत येतात. मध्यंतरी त्यांची केवायसी नव्यानं करायची वेळ आली. ज्या हातानं त्यांनी माझा कान पिळला होता, तोच हात काउंटरच्या काचेखालून पुढं आला आणि मी म्हणालो, “सर, ओळखपत्र?” सरांनी माझ्याकडं असं बघितलं, की सतराचा पाढा पुन्हा एकदा चुकल्यासारखं वाटलं. पण नाइलाज. २००२ साली रिझर्व्ह बँकेनं समस्त बँकांना बजावलं, ‘आपल्या ग्राहकाला ओळखा.’ ओळखायचं म्हणजे चेहऱ्याकडं बघायचं नाही, झेरॉक्सकडं बघायचं!

हे सगळं आठवण्याचं कारण माझा निळा शर्ट.

त्याचं असं झालं, भाचीच्या लग्नानिमित्त आम्ही उभयता पुण्याला गेलो होतो. तिथं एका मोठ्या कापडाच्या दुकानात शिरलो. सोलापूरच्या माणसानं कापड घ्यायला पुण्यात जावं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण सौभाग्यवतींचा हुकूम. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि दार किंचाळलं. लोक चोरी करून बाहेर पडताना दार ओरडतं हे मला ठाऊक होतं. मी तर अजून आतही गेलो नव्हतो! चोरीचा नुसता विचार ओळखणारं दार निघालं की काय, अशी मला शंका आली. रखवालदार हसत म्हणाला, “काका, तुमच्या शर्टात पट्टी राहिलीय.” खरंच, आतल्या शिवणीत एक पांढरी पट्टी होती आणि तीवर ‘धुण्यापूर्वी कापा’ असं बारीक इंग्रजीत छापलेलं होतं. दोन वर्षं तो शर्ट मी बँकेत घातला, लग्नात घातला, एका तेराव्यालासुद्धा घातला. एवढा वेळ माझा शर्ट बोलायला तयार होता. विचारणारं दार तेवढं भेटलं नव्हतं.

पुढं तर बहार झाली. विक्रेत्या मुलानं माझा मोबाइल नंबर विचारला, पडद्यावर काहीतरी वाचलं आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “सर, मागच्या वेळी बेचाळीस घेतला होता. आता चव्वेचाळीस दाखवू?” सौ. नं माझ्या पोटाकडं बघितलं. बायकोच्या नजरेला पडद्याची गरज नसते, हे मी नम्रपणे नमूद करतो.

तो मुलगा उत्साही होता. त्यानं तीन शर्ट एका खोक्यात नुसते टाकले, आणि तिन्हींच्या किमती पडद्यावर आपोआप उमटल्या. मोजणं नाही, उलटंपालटं करणं नाही. प्रत्येक शर्टाला बिनतारी बिल्ला. “परदेशात तर शर्ट घेऊन ट्रायल रूममध्ये गेलं, की आरसाच सांगतो सर, यावर कुठली पँट शोभेल.” आमच्या घरी हे काम आरशाशिवाय चालतं, असं मी म्हणणार होतो, पण सौ. शेजारीच होती.

परतीच्या गाडीत मला चैन पडेना. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. विज्ञान म्हटलं की दहावीतले ३८ मार्क आठवतात. पण शर्टानं आपली चहाडी करावी म्हणजे काय? हे खानदान मूळचं कुठलं, याचा छडा लावायचं मी ठरवलं. आणि वाचकहो, बिल्ल्याचं खानदान काही धड निघालं नाही.

याचा आजोबा सैन्यात होता. दुसऱ्या महायुद्धात रडारवर विमान दिसे, पण ते आपलं की शत्रूचं ते समजेना. तेव्हा इंग्रजांनी आपल्या विमानांत एक यंत्र बसवलं. खालून रडारची लहर गेली, की ते ठराविक उत्तर देई. म्हणजे आपल्याकडं रात्री कडी वाजल्यावर आतून “कोण हाय?” आणि बाहेरून “मी हाय की!” होतं, तेच. उत्तर आलं नाही तर तोफ.

मोठा काका मात्र सरळसरळ हेर. १९४५ साली मॉस्कोत रशियन शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या राजदूताला लाकडात कोरलेलं, अमेरिकेचंच राजचिन्ह भेट दिलं. राजदूतानं कौतुकानं ते निवासस्थानी भिंतीवर लावलं. १९५२ साली उघडकीला आलं, की त्याच्या पोटात एक कान दडवलेला आहे. त्याला बॅटरी नव्हती, वायर नव्हती. रशियन लोक बाहेरून रेडिओची लहर सोडत, ती पिऊन ते यंत्र जागं होई आणि खोलीतलं बोलणं परतणाऱ्या लहरीवर बसवून पाठवी. हात न लावता वाजणारं वाद्य ज्यानं शोधलं, त्या लेव थेरेमिननंच हे घडवलं होतं. आजचा दुकानातला बिल्ला याच चालीचा. स्वतःजवळ दमडीची वीज नाही. विचारणाऱ्याची लहर खातो आणि तिच्याच जोरावर आपला नंबर सांगतो. आमच्या खात्यात काही पाहुणे असेच आहेत, आपला चहा पिऊन आपलीच बातमी साहेबांना देणारे.

मग हे घराणं दुकानदारीत उतरलं. १९६० च्या दशकात अमेरिकेत कपड्यांना चोरी पकडणाऱ्या पट्ट्या लागल्या. माझ्या शर्टातली पट्टी या शाखेतली. तिला एवढंच कळतं, पैसे दिले की नाही. १९७४ साली बारकोड आला. २६ जूनला ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी च्युइंगगमच्या पाकिटावरच्या काळ्या रेघा पहिल्यांदा काउंटरवर वाचल्या गेल्या. किंमत ६७ सेंट. त्या रेघांची कल्पना नॉर्मन वुडलँड यांना त्यापूर्वी पंचवीस वर्षं सुचली होती, मायामीच्या समुद्रकाठी वाळूत बोटं ओढता ओढता. आम्हीही सिद्धेश्वर तळ्याच्या काठी पुष्कळ वेळा बोटं ओढली. पण त्यातून चिखलाखेरीज काही निष्पन्न झालं नाही.

बारकोड आणि बिल्ला यांत फरक काय? बारकोड नुसतं आडनाव सांगतो, ‘मी साबण, अमुक कंपनीचा.’ तसल्या लाख वड्यांचं आडनाव एकच. बिल्ला पूर्ण नाव सांगतो: स्वतःचं, बापाचं, आडनाव, जन्मतारीख आणि कुठल्या गोदामातून आलो तेसुद्धा. शिवाय बारकोडला समोर उभं करून दिवा दाखवावा लागतो. बिल्ला पिशवीतूनच बोलतो, आणि पिशवीच्या मालकाला पत्ता लागत नाही.

हे एकेकाला नाव देण्याचं खूळ वाढलं लिपस्टिकवरून. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत केव्हिन अॅश्टन नावाचे गृहस्थ होते. त्यांच्या ध्यानात आलं, की एका विशिष्ट छटेची लिपस्टिक दुकानाच्या फळीवर कायम संपलेली असते. मग प्रत्येक डबीलाच बोलकं केलं तर? यातून १९९९ साली अमेरिकेतल्या एमआयटीत त्यासाठी केंद्र निघालं. तिथवर सगळं मालाचं चाललं होतं. मालाचं नाव कळल्यावर मात्र दुकानदाराला वाटू लागलं, आता माल उचलणाऱ्याचंही कळू द्या.

२००१ साली न्यूयॉर्कमध्ये प्रादा या उंची कपड्यांच्या दुकानानं असा प्रकार करून पाहिला. तुम्ही झगा घेऊन खोलीत जा, तिथला पडदा त्या झग्याची माहिती आणि जोडीचे दागिने दाखवणार. थोड्याच वर्षांत ती यंत्रं रुसून बसल्याच्या बातम्या आल्या. २००३ साली इंग्लंडात केंब्रिजच्या एका टेस्को दुकानात जिलेटची ब्लेडं उचलली, की फळीच तुमचा फोटो काढायची आणि पैसे भरताना दुसरा फोटो. एक दाढीआधीचा आणि एक दाढीनंतरचा असता तर गोष्ट निराळी! लोक दाराशी निदर्शनं करायला उभे राहिले. त्याच वर्षी जर्मनीत राइनबर्गला मेट्रो कंपनीनं ‘भविष्यातलं दुकान’ उघडलं. पुढच्या वर्षी गिऱ्हाइकांना कळलं, की आपल्याला दिलेल्या सवलत-कार्डातच चिप दडलेली आहे. २००४ च्या फेब्रुवारीत निदर्शनं ठरली, आणि कंपनीनं मुकाट्यानं ती कार्डं बदलून द्यायचं कबूल केलं. मॉस्कोच्या लाकडी भेटीतलं आणि या कार्डातलं साम्य वाचकांच्या ध्यानात आलं असेलच. कुणी प्रेमानं काही दिलं, की ते उलटं करून बघावं.

आपणही काही मागं राहिलो नाही. २००५ च्या सुमारास पँटलूननं आपल्या महाराष्ट्रातच, तारापूरच्या गोदामात, शर्ट-पँटींना हे बिल्ले लावून पाहिले. आणि मोटारवाल्यांच्या काचेवर तर बिल्ला सरकारनंच चिकटवला. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा झाला. सोलापुराहून पुण्याला निघालं, की सावळेश्वरच्या नाक्यावर गाडी पुरती थांबायच्या आत मोबाइल वाजतो, पैसे गेले. हे फास्टॅग बँका विकतात, आणि आमच्या शाखेत ते विकायला मीच बसतो. म्हणजे बिल्ल्यांच्या नावानं बोटं मोडण्याचा मला नैतिक अधिकार नाही. तो नसताना बोटं मोडणं हा मात्र कारकुनाचा जुना हक्क आहे.

दुकानांत मात्र आपल्याकडं बिल्ल्याचं काम मोबाइल नंबरनंच भागलं. दोन रुमाल घेतले तरी नंबर. शेवटी मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याला दुकानांना सांगावं लागलं, की नंबरासाठी अडून बसू नका. त्याच वर्षी ऑगस्टात माणसांच्या माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला. त्याआधी २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलंच होतं. मी हे सगळं सौ. ला वाचून दाखवलं आणि शेवटी उसासा टाकून म्हणालो, “आमच्या चाटी गल्लीत असली थेरं नव्हती. तिथं मालक नुसतं तोंड बघून ओळखायचा.”

“होय की,” सौ. कणीक मळता मळता म्हणाली. “मी लग्न होऊन आले तेव्हा पहिला पंजाबी ड्रेस घेतला, आठवतंय? दुपारी चारला घेतला. सहाला मी घरी पोचले, तर सासूबाईंना रंग माहीत, किंमत माहीत, ओढणीला काय लावलंय तेसुद्धा माहीत!”

ही गोष्ट खरी होती. त्या काळी माहिती सायकलवरून जायची, पण पोचायची वेळेवर.

“आणि तुम्हाला गादीवर बसवायचे म्हणून तुम्हाला गोड वाटतं,” तिनं पुढं चालवलं. “ओळखल्यावर सगळ्यांनाच गादीवर बसवत नव्हते. पायरीशी उभं राहून कापड घेणारी माणसं होतीच की. त्यांना विचारा, ओळख पाहिजे का म्हणून. मॉलमध्ये निदान कुणाची कोण, कुठल्या गल्लीतली, असं कुणी विचारत नाही.”

यावर मला उत्तर सुचलं नाही. पदवीधर असलो तरी मी नवरा आहे. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर एक जुनी दिवाळी आठवत राहिली.

आमचे अप्पा गिरणीत होते. सोलापुरात पहिली गिरणी १८७७ साली निघाली, आणि पुढं शंभर-सव्वाशे वर्षं गाव भोंग्यावर उठलं, भोंग्यावर जेवलं. मी हायस्कुलात असताना अप्पांची गिरणी बंद पडली. ती दिवाळी तोंडावर होती. अप्पा आम्हां दोघा भावांना घेऊन चाटी गल्लीत गेले, ‘नुसतं बघून येऊ’ म्हणाले. दरवर्षीच्या दुकानाच्या समोरून आम्ही मान खाली घालून पुढं निघालो होतो. एवढ्यात आतून हाक आली, “या की ओ अप्पा! ओळख विसरलाव होय?”

आत गेलो. पांढरी गादी, लोड, भिंतीला ताग्यांच्या थप्प्या. गड्यानं सवयीनं वरच्या फळीला हात घातला. दरसाल अप्पा तिथलंच टेरिकॉट घेत. मालक तिकडं न बघताच म्हणाले, “ते राहू दे बे. यंदा ते कुणी घालत नाही. खालचं चौकडीचं काढ. कॉलेजची पोरं सगळी तेच नेतायत.” चौकडीचा तागा आला. मी कॉलेजच्या पोरांच्या बरोबरीला बसणार म्हणून माझी छाती फुगली. अप्पांनी खिशाकडं हात नेला, तेव्हा मालक हिशेबाच्या वहीत डोकं घालून म्हणाले, “आता गर्दी हाय हो. पैशाचं बघू की नंतर.” दुकानात आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

तो चौकडीचा तागा त्या दुकानातला सगळ्यांत स्वस्त कपडा होता, हे मला बी. कॉम. होईपर्यंत कळलं नाही. मालकाच्या वहीतली निम्मी पानं गिरणी कामगारांची होती. कुणाची गिरणी बंद, कुणाच्या घरी चूल कशी पेटते, हे त्यांना आमच्याआधी माहीत होतं. एखाद्या यंत्रालाही ते कळलं असतं, मी नाही म्हणत नाही. खरेदी घटली, गिऱ्हाईक अडचणीत. पण यंत्रानं पुढं काय केलं असतं? आमच्या बँकेचं उदाहरण देतो. अप्पांच्या मोबाइलवर निरोप आला असता, ‘अभिनंदन! खास आपल्यासाठी, पूर्वमंजूर कर्ज!’ यंत्र माणसाची अडचण ओळखतं. दोन पोरांच्या देखत ती ओळखली नाही असं दाखवणं त्याला कुणी शिकवलेलं नाही.

कॉमर्सच्या पहिल्या वर्षी आम्हाला द्विनोंदी पद्धती शिकवली. पाचशे वर्षांपूर्वी इटलीत पाचोली नावाच्या साधूनं ती पुस्तकात मांडली. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा, एकाच्या नावे आणि दुसऱ्याच्या जमेला. चाटी गल्लीतली ओळख अशी दुहेरी होती. मालकाला अप्पा ठाऊक, तसे अप्पांनाही मालक ठाऊक: त्यांच्या मुलीचं कुठं दिलं, त्यांना दमा कधी उठतो, गज किती ताणून धरतात. म्हणून चहाडी करणाऱ्या दुकानदाराला सासूबाईंच्या सुनेनं दुसऱ्या दिवशी दोन शब्द ऐकवले, ते तिच्या तोंडूनच मला नंतर कळलं. आणि पायरीशी उभं केलेल्यानं कुणी उभं केलं ते ध्यानात ठेवलं. बिल्ल्याचा हिशेब एकेरी. तो माझं पोट, पगार, पसंती सगळं लिहून घेतो. त्याच्यापलीकडं कोण बसलंय, ते मला कळत नाही. मग दोन शब्द ऐकवायचे कुणाला? शर्टाला?

गेल्या महिन्यातली गोष्ट. काउंटरपुढं एक म्हातारे गृहस्थ आले, काठी टेकत, बरोबर नातू. खातं पुष्कळ दिवस पडून होतं, ते चालू करायचं होतं. मी नाव वाचलं आणि वर बघितलं. चाटी गल्लीचे मालक! दुकान बंद होऊनही बरीच वर्षं झाली होती.

नियम म्हणजे नियम. मी बोटाचं यंत्र पुढं केलं. त्यांनी अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, ओळख पटत नाही. तर्जनी ठेवली. पटत नाही. साठ वर्षं कापड मोजून मोजून बोटं गुळगुळीत झालेली. मालक अपराध्यासारखे यंत्राकडं बघत राहिले. मग त्यांनी डोळे बारीक केले.

“गिरणीतल्या अप्पांचा थोरला नव्हं तू?”

“होय मालक.”

“अप्पा?”

“गेले. सहा वर्षं झाली.”

ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग आपण होऊन म्हणाले, “त्यांचं खातं पूर्ण चुकतं झालं होतं हं. काही बाकी नव्हती.”

अप्पांच्या मागं मला त्यांची खिशातली डायरी सापडली आहे. तिच्यात दर महिन्याला कापडवाल्यांना दिलेले दहा-वीस रुपये ओळीनं लिहिलेत. शेवटच्या ओळीत ‘बाकी १४०’ आहे. पण मी काही बोललो नाही. दुकानात गर्दी आहे असं त्यांनी म्हटलं होतं, तेव्हा अप्पाही काही बोलले नव्हते.

पूर्वी बँकेत खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागे. अर्जावर तसा रकानाच असायचा. कॉलेजात असताना मी पहिलं खातं उघडलं, तेव्हा त्या रकान्यात याच मालकांची सही होती. आता तो रकाना अर्जातून गेला. मी आधार पाहिलं, पॅन पाहिलं, फोटो चिकटवला, सगळे कागद नियमाप्रमाणे लावले. खाली शेऱ्याची रिकामी जागा होती, तिथं लिहिलं, ‘ग्राहकास मी व्यक्तिशः ओळखतो.’ आणि सही केली.

साहेबांनी फॉर्म बघितला. “हे काय? याची काही गरज नाही.”

“असू द्या की साहेब,” मी म्हणालो. “त्या बाजूची नोंद फार वर्षांपूर्वी झालीय. या बाजूची राहिली होती.”